एकेचाळीस आक्षेप

तिच्या वेणीतून टपकलेला पहिला थेंब नेमका त्याच्या नोंदवहीवर पडला.

"अहो, तुमची वेणी..." कचेरीतल्या खिडकीच्या आतून तो म्हणाला आणि टिपकागद शोधू लागला.

"माफ करा हं, थेट तलावावरून आलेय." तिनं वेणी झटक्यात मागे टाकली. त्या झटक्यात आणखी चार थेंब आत उडाले.

त्यानं रागवायचं ठरवूनच वर पाहिलं. पण समोर क्लोरिनच्या वासाची, गळ्यात शिट्टी अडकवलेली, हसू दाबत असलेली बाई उभी होती. राग कुठल्या कुठे पळाला...

अर्ज नाव बदलण्याचा होता. ती गावच्या जलतरण तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. जन्मल्यावर मुलगा समजून घरच्यांनी तिचं एक नाव ठेवलं होतं. दुसऱ्याच्या मापाच्या सदऱ्यासारखं ते तिला कधी बसलंच नाही. ती ट्रान्स स्त्री होती. तलावावरच्या मुलांची तर ती केव्हाचीच 'ताई' होती. कागदांनाच काय ते अजून कळायचं होतं.

त्यानं जुनं नाव वाचलं, नवं वाचलं. भुवई इकडची तिकडे झाली नाही.

"सगळं बरोबर आहे. आता ही नोटीस तीस दिवस बाहेरच्या फलकावर राहील. कुणाचा आक्षेप आला नाही, तर एकतिसाव्या दिवशी सकाळी शिक्का."

"आणि आला तर?"

"एक जरी आला, तरी सुनावणी. म्हणजे दोन-तीन महिने धरून चाला."

तिचं हसू मावळलं. "एकतिसाव्या दिवशी शुक्रवार आहे. त्याच दुपारी आमच्याकडे कायम नोकरीची पत्रं निघणार. सात वर्षं रोजंदारीवर काढलीत मी. आणि पत्रावर कागदावरचंच नाव येणार."

"मग जुन्या नावाचं पत्र आलं तर?"

"घेणार नाही. त्या नावानं कायम होण्यापेक्षा रोजंदारी बरी."

त्यानं अर्जावरच्या नव्या नावावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "नवं नाव छान आहे. म्हणून बघू का—"

"अं हं! आधी शिक्का, मग नाव. तोवर मास्तरीणबाई म्हणा. सगळे म्हणतात."

"मग मी चार नंबर." त्यानं खिडकीवरच्या आकड्याकडे बोट दाखवलं.

"पोहता येतं का हो, चार नंबर?"

"पाण्याची आणि माझी ओळख आहे. बोलणं नाही."

"रविवारी सकाळी सातला या. बोलणं सुरू करून देते!"

आणि तो आला. रबरी टोपीत त्याचं डोकं सोललेल्या अंड्यासारखं दिसत होतं. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो दोन्ही हातांनी कठडा धरून होता. जणू सोडला तर तलावच पळून जाईल!

"तोंड पाण्यात घाला आणि बोला," ती म्हणाली.

"बोला? पाण्यात?"

"हो. माणूस श्वास कोंडून धरतो ना, म्हणून घाबरतो. बोललं की हवा बाहेर जाते. आणि सोडला की पुढचा श्वास आपोआप येतो. मुलांना मी हेच शिकवते."

"पण बोलू काय?"

"काहीही. मुलं तर मला शिव्या घालतात. वर नुसते बुडबुडे येतात."

त्यानं डोळे मिटले, तोंड बुडवलं. बुड बुड बुड... तो वर आला तेव्हा नाकातोंडातून पाणी वाहत होतं.

"काय म्हणालात?"

"नाव, पत्ता आणि जन्मतारीख."

ती इतकी हसली, की आता कठडा तिला धरावा लागला.

तिसऱ्या रविवारी तो उताणा तरंगला. पाठीखाली तिचा तळहात होता... निदान त्याला तसं वाटत होतं.

"हात काढू नका हं."

"मघाशीच काढलाय."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं, तर तेव्हाच बुडाला असतात." तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि नजर चटकन पाण्याकडे वळवली—आणि उगाचच शिट्टी वाजवली. शिट्टी वाजवावी असं आसपास काहीही घडत नव्हतं.

मंगळवारी सकाळी तलाव रिकामा असतो, म्हणून अठ्ठाविसाव्या दिवशी पोहण्याच्या सरावासाठी त्यानं चक्क अर्धी रजा काढली. नोकरीच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा. आणि नेमका त्याच सकाळी घोळ झाला.

तलावावर तिकिटं देणाऱ्या मावशींनी फलकावरची नोटीस वाचली होती. खाली लिहिलं होतं, 'याबाबत कोणास काही सांगावयाचे असल्यास खिडकी चारवर अर्ज करावा.' मावशींना तर पुष्कळ सांगायचं होतं! त्यांनी मुलांच्या आयांना, बापांना, आजोबांना गोळा केलं आणि सगळी वरात खिडकीवर नेली. तिथं छापील अर्ज एकाच प्रकारचा होता. कुणी मथळा वाचला नाही, सगळ्यांनी मनापासून भरला. बदलीवर बसलेल्या बाईंनीही मजकूर न वाचता पटापट नोंदले. दुपारी तो परतला, तेव्हा टेबलावर गठ्ठा होता. मथळा होता: 'आक्षेप अर्ज'.

बुधवारी सकाळी त्यानं तिला बोलावून घेतलं.

"एकेचाळीस?" तिचा आवाज एवढासा झाला. "एवढी माणसं... माझ्या विरुद्ध?"

"वाचून दाखवतो. तुमचा हक्कच आहे तो." तो घसा खाकरून वाचू लागला. "'आक्षेपाचे कारण: हे काम सात वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं.' पुढचा. 'माझी नात पाण्याला घाबरायची, आता पाण्यातून बाहेर यायला घाबरते. ताईंना हवं ते नाव द्या.' हा मावशींचा. 'मुलगी गुणाची आहे. उशिरा येणाऱ्यावर खेकसते. बाकी तक्रार नाही.'"

ती रडत हसत होती, की हसत रडत होती, तिलाच कळेना. पण शेवटचा अर्ज त्यानं वाचला नाही. नुसता पुढे सरकवला.

अक्षर तिनं ओळखलं. गावातल्या अर्ध्या दारांवर तेच अक्षर होतं. तिचे बाबा नावाच्या पाट्या रंगवायचे. मावशींच्या वरातीत तेही होते.

'पहिलं नाव मी ठेवलं होतं. नवं ठेवताना मला कोणी विचारलं नाही.'

तिनं तो अर्ज उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "हा एक... हरवू शकत नाही का?"

"नाही, मास्तरीणबाई." त्याचा चेहरा कसनुसा झाला. "आज चांगल्यासाठी कागद हरवला, तर उद्या वाईटासाठी हरवायला हात कचरणार नाही. पण ज्यानं आक्षेप घेतला, त्यानं स्वतः येऊन तो मागे घेतला तर संपलं. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत."

मावशींना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! आम्ही हात द्यायला गेलो आणि पायच ओढला की गं! थांब, उद्या एकूण एक माणूस उभा करते."

ती घरी गेली, तेव्हा बाबा एका डॉक्टरची पाटी रंगवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बाबा, तुम्हाला विचारलं नाही, ते चुकलं."

ब्रश थांबला.

"परवानगी मागत नाहीये मी. नाव माझं ठरलंय. पण... तुम्हाला आवडलं का, एवढं विचारते."

बाबा ब्रश हातात घेऊनच उठले. आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

गुरुवारी दुपारी चारपासून खिडकी चारसमोर रांग लागली. कुणी कडेवर मूल घेऊन, कुणी कामावरून थेट. मावशी तिचीच शिट्टी घेऊन रांग सांभाळत होत्या. "सरका पुढे! आक्षेप घेताना घाई होती ना? मग आता घ्या मागे!" तो एकेक नोंद खोडत होता, सही घेत होता. पाचला दहा कमी असताना चाळीस झाले.

रांग संपली, पण कुणी घरी जाईना. सगळे दाराकडे पाहत होते. ती बाकावर ताठ बसली होती. ओठ घट्ट मिटलेले.

"बाई," तो खिडकीतून हळूच म्हणाला, "श्वास सोडा. सोडला की पुढचा आपोआप येतो..."

तिनं सोडला. आणि दार उघडलं.

बाबा धापा टाकत आत आले. काखेत कागदात गुंडाळलेली पाटी होती. "रंग वाळेना लेकाचा," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "कुठं सही करायची?"

"काका, कारण लिहावं लागतं," तो म्हणाला.

बाबांनी ठळक, गोलसर अक्षरात लिहिलं: 'विचारलं. आवडलं.' सहीशेजारी निळ्या रंगाचा ओला अंगठा उमटला. "पोरी, दाराला ठोकायला खिळे आहेत ना घरात?" एवढंच त्यांनी तिला विचारलं. तिनं नुसती मान हलवली.

शुक्रवारी सकाळी शिक्का बसला. दुपारी पत्रही आलं—नव्या नावानं, कायमचं.

रविवारी सातला तो तलावावर हजर होता. कठड्यापाशी थांबला नाही. सरळ खोल पाण्याच्या काठाशी गेला.

"अहो चार नंबर! तिकडे कुठं?"

"शिक्का बसला ना? मग मला एक नाव घ्यायचंय." आणि त्यानं नाक धरून उडी मारली.

तीही मागोमाग पाण्यात शिरली. खाली, निळ्या उजेडात, तो डोळे उघडे ठेवून तिच्याकडे पाहत काहीतरी बोलत होता. आधी थोडे बुडबुडे. मग थोडं थांबून... पुष्कळ बुडबुडे.

ती त्याला दंडाला धरून वर घेऊन आली. तो खोकत होता, पण चेहरा लख्ख होता.

"ऐकू आलं?"

"नाव आलं." तिच्या पापण्यांवरून पाणी ओघळत होतं. "पण नावाच्या पुढेही काहीतरी होतं. बरंच लांब."

"ते... तिथं खाली सोपं वाटलं."

"मग आता वर म्हण," ती म्हणाली. दोघांतलं 'अहो-जाहो' पाण्यात कुठं विरघळलं, कुणालाच कळलं नाही. "हवेत म्हण. मला सगळं ऐकायचंय."

त्यानं एक मोठा श्वास घेतला, सोडला... आणि तिचं नाव घेऊन सुरुवात केली.