आवाजाच्या पुढे गेलेले

तळवलीत आम्ही पुतळाबाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. दोन खोल्या, मोरी आणि पूर्वेला गॅलरी. गॅलरीतून ठाणे-बेलापूर रस्ता दिसायचा, त्यापलीकडे कारखान्यांची पत्र्याची छपरं आणि मागे खाणींनी खाल्लेला डोंगर. दुपारी खाणीत सुरुंग लागायचे. आधी भोंगा, मग धमाका, मग पांढरी धूळ. भोंगा झाला की मी एका हाताने लोणच्याची बरणी धरायची आणि दुसरा लक्ष्मीच्या कानावर ठेवायची. इतकी सवय झाली होती.

लक्ष्मी, म्हणजे राजलक्ष्मी, आमची मुलगी. तेव्हा अकरा महिन्यांची. भिंत धरून उभी राहायची. दात दोन, शब्द एकही नाही. मला त्याचा घोर लागला होता. सासूबाई म्हणायच्या, "बोलंल गं. एकदा लागली की थांबायची न्हाई." वेणूबाई त्यांचं नाव. लेकराला सांभाळायला म्हणून दिवाळीनंतर त्या साताऱ्याकडच्या गावाहून आमच्यासोबतच आल्या होत्या.

त्या दिवाळीची एक गोष्ट सांगायला हवी. थोरले दीर बाबासो आणि जाऊबाई वैजयंती यांना लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. पाडव्याच्या सकाळी जाऊबाईंची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. मग सासूबाई मला म्हणाल्या, "आता लक्ष्मीला घाल तिच्या ओटीत. तुझ्या हातानं. भरल्या ओटीत लेकरू घातलं की कूस उघडती." माझ्या माहेरीही असं करतात. मी हसत घातली. भटजी होते, गावातली चार माणसं होती, कुणीतरी फोटो काढला. भटजींनी विचारलं, "खुशीनं ना?" मी म्हटलं, "खुशीनं." मग सगळ्यांना साखर वाटली. एवढ्याशा गोष्टीला साखर कशाला, असं क्षणभर मनात आलं. पण जाऊबाई रडत होत्या. मलाही रडू आलं.

राजवर्धन, माझे मिस्टर, रबाळ्याच्या एका कारखान्यात लेथवर सुपरवायझर होते. तिथे अग्निबाणाचे आणि तसल्याच वेगवान गोष्टींचे सुटे भाग व्हायचे. एकदा त्यांनी नापास झालेला एक पोलादी शंकू घरी आणला होता. भरीव, गुळगुळीत, टोकाला अणकुचीदार. दोन्ही हातांनी उचलावा लागे. आवाजाच्या पुढे जायचं तर नाक असंच लागतं, असं ते कौतुकाने सांगायचे. मी बी.एस्सी. फिजिक्स. लग्नाआधी कराडला ज्युनियर कॉलेजात वर्षभर शिकवलंय. मला ते सांगायची गरज नव्हती, पण मी ऐकून घ्यायची. गॅलरीच्या वाऱ्याने दार आपटायचं, म्हणून मी तो शंकू दाराला टेकू लावून ठेवला होता.

शहाण्णवचा डिसेंबर. दुपारी मी गच्चीवर दुपटी वाळत घालत होते. पुतळाबाई जवळा पसरून बसल्या होत्या. डोंगराच्या बाजूने एक चांदीचा ठिपका निघाला आणि खाडीकडे सरकला. फार उंच. आवाज अजिबात नाही. मी तोंडात चिमटा धरून त्याच्याकडे बघत राहिले. तो पार दिसेनासा झाला, आणि मग दणका बसला. एक नाही, जोडून दोन. खालच्या घरात मांडणीवरची ताटं पडली.

"सुरुंग नाय ह्यो," पुतळाबाई म्हणाल्या. "भोंगा कंय झाला?"

"विमान होतं, मावशी. आवाजापेक्षा जोरात गेलं."

"म्हंजे कसा?"

"त्याचा आवाज त्याच्या मागे राहतो. आपल्याला ऐकू येतो, तेव्हा ते आपल्यावरून गेलेलं असतं."

"आनि आत बसलाय त्याला?"

"त्याला तो दणका ऐकूच येत नाही."

पुतळाबाई खदाखदा हसल्या. "आमचा पोरगा कमळाकर पन तसाच हाय. घरात आग लावून जातो, नि सांजला येऊन इचारतो, काय झाला गो?"

मीही हसले. खाली येऊन पाहिलं तर लक्ष्मी झोळीत शांत झोपली होती. एवढ्या दणक्याने तिची पापणीसुद्धा हलली नव्हती.

त्याच संध्याकाळी मी पोळ्या करत होते. समोरच्या स्टीलच्या डब्यात मला राजवर्धन आत येताना दिसले. त्यांनी चावी टीव्हीवर टाकली. आवाज झाला नाही. तव्यावरची पोळी फुगली, बसली, मी ती काढून तूप लावलं. मग मागे खण्णकन चावी पडली. मी वळले. ते केव्हाचे गॅलरीत पेपर वाचत होते.

थकवा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मूल रात्री उठवतं, झोप होत नाही. पण दुसऱ्या दिवशीही तसंच. मोरीच्या दाराची कडी त्यांनी लावली आणि दुधाला उकळी आल्यावर वाजली. मी वाशीला जाऊन कान तपासून घेतले. कान उत्तम होते.

मग मी नीट लक्ष ठेवलं. मी त्यांच्याकडे बघत असले की सगळं वेळेवर. बोलणं, खोकणं, बुटाचा आवाज. मी पाठ केली की उशीर. आणि उशीर वाढत चालला होता. आधी एका पोळीचा, मग एका कुकरचा. लक्ष्मीचं रडणं, नळ, रस्त्यावरचे ट्रक, सगळं जागच्या जागी. फक्त माझ्या पाठीमागे जे होत होतं, ते मला मागाहून ऐकू येत होतं.

एकदा सकाळी मी लक्ष्मीला घेऊन खाली उतरले होते, तेव्हा पुतळाबाईंनी हाक मारली. "गो पोरी, तुजा घरवाला कामाव गेला ना?"

"हो. मघाशीच."

"मंग वर कोन चालतंय?"

"सासूबाई असतील."

"तुजी सासू ती बग, नळाव हाय."

आम्ही दोघी वर बघत राहिलो. माझ्या खोलीतली पावलं गॅलरीपर्यंत गेली, थांबली आणि परत आली. पुतळाबाईंनी छातीवर हात ठेवला. "नारल ठेव गावदेवीला," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यानंतर त्या माझ्या नजरेला नजर देईनात.

पुढे सासूबाईंचाही आवाज तसाच येऊ लागला. एका दुपारी त्या तोंड उघडं टाकून घोरत होत्या. लक्ष्मी झोळीत झोपलेली. आणि झोळीजवळून त्यांचाच लाडिक आवाज आला, "ही कोण? सांग की. ही कोण गं?" मग बांगड्या वाजल्या. उत्तर आलं नाही. मी लक्ष्मीला उचलून छातीशी धरलं. लेकराशी आजी खेळते, त्यात घाबरण्यासारखं काय, असं मी स्वतःला विचारलं.

जानेवारीत लक्ष्मीचं जावळ काढायला गावी जायचं ठरलं. "दोनच दिवस," राजवर्धन म्हणाले. "सोमवारी मला ड्यूटी आहे." मी त्यांच्याकडे बघत होते, त्यामुळे ते वेळेवर ऐकू आलं.

निघायच्या दोन दिवस आधीची दुपार. ते कामावर होते. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी लक्ष्मीला भात भरवत होते. गॅलरीतून राजवर्धनचा आवाज आला. दबलेला.

"आये, हळू बोल. ती आंघोळीला गेलीया."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. आमच्या घरात मी आंघोळ सकाळी करते.

"जावळाला नेऊ. येताना आम्ही दोघंच येऊ."

थोडा वेळ काही नाही. सासूबाई काहीतरी बोलत असाव्यात.

"तिला काय विचारायचंय? तिनं स्वतःच्या हातानं ओटीत घातलीया. चार माणसांदेखत. खुशीनं म्हणाली. साखर वाटली. फोटो हाय."

लक्ष्मीने तोंड पुढे करून तो घास घेतला.

"दादानं माझ्यासाठी शाळा सोडली, आये. मी त्याला शब्द दिलाय. ही रडंल चार दिवस. मग दुसरं होईल की."

हे शेवटचं त्यांनी ज्या सुरात म्हटलं, त्याच सुरात ते रविवारी मला विचारायचे, भाजी कोणती आणू.

मी गॅलरीत गेले. तिथे कुणी नव्हतं. दोरीवर माझा सकाळचा टॉवेल होता, वाळून कडक झालेला.

संध्याकाळी ते आले. मी पाठ केली नाही.

"मी जावळाला येणार नाही. लक्ष्मीला पाठवणारही नाही."

"का? काय झालं?"

"जाऊबाईंना दुसरं कुणाचं मूल बघा."

"तुला कोण बोललं?"

"तुम्हीच."

"मी? कधी?"

"सकाळी बोललात. मी दुपारी ऐकलं."

त्यांनी जवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "प्रियदर्शिनी, झोप होत नाही तुझी. आपण डॉक्टरला दाखवू. नाही जायचं तर नाही जायचं. बस?" सासूबाई दारात उभ्या होत्या. इतक्या सहज हो म्हणाले, तिथेच मी समजायला हवं होतं. पण खांद्यावरचा हात गरम होता आणि मला तो हवा होता.

तरी सावध राहिले. दुसऱ्या दिवशी ते कामावर निघाले, तेव्हा गॅलरीत उभी राहून स्कूटर रस्त्याला लागेपर्यंत पाहिलं. भावाला, यशराजला, कराडहून बोलावून घ्यायचं ठरवलं. लक्ष्मीला झोळीत घातलं आणि तिच्याजवळ बसून राहिले.

"नळाला पाणी आलंय," सासूबाई म्हणाल्या. "माझी कंबर धरलीया. तू आण."

पाणी तासभर यायचं. नळ खाली, जिन्याच्या समोरच. मी हंडा-कळशी घेऊन गेले आणि सगळा वेळ जिन्याकडे तोंड करून उभी राहिले. आपल्या दाराच्या पायरीवर पुतळाबाई मान खाली घालून जवळा निवडत बसल्या होत्या. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. पाठ केली ती फक्त हंडा कमरेवर घेताना.

वर आले. मोरीचं दार लोटलेलं होतं, सासूबाई आत असतील. झोळी ताणलेली होती आणि हळूहळू हलत होती. माझा जीव भांड्यात पडला. हंडा उतरवला. दूध तापत ठेवलं.

वाऱ्याने दार आपटलं.

मी दुधाकडे बघत होते. दार का आपटलं, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वर येणारी. राजवर्धनची.

"आये, चल लवकर. दुपटं घे."

लक्ष्मीच्या पायातले वाळे वाजले. माझ्यापासून हातभर अंतरावर. मग जिन्यात. मग खाली. स्कूटर सुरू झाली.

मी गॅलरीत धावले. स्कूटरचा आवाज गल्लीतून रस्त्यापर्यंत गेला. गल्ली रिकामी होती. पुतळाबाई पायरीवर उभ्या राहून दोन्ही बाजूंना बघत होत्या. "गारी कंय हाय गो? आवाज तर आला," त्या म्हणाल्या.

मला उत्तर माहीत होतं. तेच मी त्यांना गच्चीवर शिकवलं होतं.

मोरी रिकामी होती. झोळीत तो पोलादी शंकू होता. दुपट्यात नीट गुंडाळलेला, टोक वर.

यशराजला घेऊन मी गावी गेले. वाडीवस्तीवरची माणसं दारात जमली, आम्हाला कुणी आत घेतलं नाही. बाबासो फोटो घेऊन बाहेर आले. "हा हात तुझाच ना? खुशीनं दत्तक दिलीस. मग आता काय?" फोटोत मी हसत होते. राजवर्धन माझ्या मागे उभे होते. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते, ते माझ्या हातांकडे. पोलीस म्हणाले, मूल बापाबरोबर आहे, सख्ख्या काकाच्या घरी आहे, यात पळवणं कुठं आलं? आता वकील दिलाय. तारखा पडतात.

यशराज म्हणतो, कराडला चल. पण मी तळवलीत परत आले. इथे अजून आवाज येतात. माझ्या पाठीमागे या घरात जे जे झालं, ते सगळं अजून पोचलेलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसते आणि ऐकते.

झोळी काढताना खालच्या गादीत जाऊबाईंचा एक फोटो सापडला. एक कोपरा चावलेला. बारीक दातांच्या खुणा, दोनच.

काल दुपारी भोंगा झाला. मी बरणी धरली. दुसरा हात आपोआप उचलला गेला आणि तसाच राहिला. धमाका झाला, धूळ बसली.

मग पाठीमागे सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या.

"ही कोण? सांग की. ही कोण गं?"

आणि लक्ष्मी म्हणाली, "आई."

स्वच्छ. बोबडं नाही. तिचा पहिला शब्द.

मी वळले नाही. मी ओ दिली.

ओठ हलले, श्वास सुटला. आवाज आला नाही.

अजून आलेला नाही.