द्वादशीनंतरचा पास्ता

“सुमंतचं आधी होऊ दे गं, श्री... तू काय, पुढच्या वर्षी जाशील की!”

आठ वर्षांपूर्वी अप्पांच्या उशाशी उभी राहून आई बोललेली ती वाक्ये श्रीलक्ष्मीच्या कानांत अजून तशीच होती. कॉलेजातून परतताना, शिकवण्या संपवून खोलीचे कुलूप काढताना, अंग थकले की तो आवाज हटकून यायचा. धाकटा भाऊ सुमंत पुण्यात इंजिनिअर झाला. तिने वकिलीचा प्रवेश सोडला आणि अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या अप्पांना सात वर्षे घास घास भरवले... ते पुढचे वर्ष काही आलेच नाही!

अप्पा गेल्यावर, अठ्ठाविसाव्या वर्षी, तिने पुन्हा कॉलेजात नाव घातले, तेव्हा अंबूताई, तिची आई, म्हणाली होती, “आता तूही चाललीस? मग रोज येऊन-जाऊन दाखवू नकोस मला. तिकडंच राहा.” नवनगरचे घर ते धारवाडातली मळमड्डीची ही खोली, बसने अर्धा तास, पण गेल्या चार महिन्यांत घर किती योजने दूर गेले होते!

आणि आज सकाळी अवचित फोन आला, “डोळे दाखवायला धारवाडला आलेय. दुपारी येते. जेवायलाच येते.”

जेवायला! बाहेरचे पाणीही न पिणारी आई! श्रीने लगबगीने डबे उघडून पाहिले. खोलीत तांदूळ संपलेले, कणीक मूठभर. होता तो दुकानातला सुटा, स्वस्तातला पास्ता. शेजारच्या खोलीतल्या दीपश्रीने तिला तो ओव्हनशिवाय भाजायला शिकवले होते. जुन्या कुकरच्या तळाशी मीठ पसरायचे, शिट्टी आणि रिंग काढून ठेवायची, आत तिवईवर डबा, आणि पाऊण तास मंद आच. पण सॉस दुधाचा, वर चीज... आणि आईचा तर चातुर्मास! एक महिना भाजी नाही, पुढे दही नाही, मग दूध नाही, शेवटच्या महिन्यात डाळी नाहीत, असे तिचे व्रत. सध्या दूध बंद. श्रीला पाठ होते ते सारे, अप्पांना पंचांग तीच तर वाचून दाखवायची!

ती दुसऱ्यांदा न्हाली, धुतवट साडी नेसली, भांडी घासून घेतली. दह्यात बेसन कालवले, मिरी भरडून घातली, उकडलेला पास्ता आणि बटाट्याचे काप त्यात मिसळले, आणि वरून तुपात परतलेला रवा पसरला.

“अक्का, चीज नाही तर तो पास्ता कसला?” दारातूनच दीपश्री हसली. “कढीत बुडवलेल्या नळ्या झाल्या की ह्या!”

“आत येऊ नकोस हं, मडीत आहे मी, सोवळ्यात.”

“पास्ता आणि मडीत! अय्यो देवा!” म्हणत ती पळाली.

अंबूताई आली ती धापा टाकतच. डोळ्यांत औषध घातल्याने तिला नीट दिसत नव्हते. भिंतीला हात लावत ती चटईवर टेकली. किती वाळली होती ती! श्रीने पान वाढले. रवा खरपूस तांबूस झाला होता, तुपाचा वास खोलीभर दरवळत होता.

“काय गं हे?”

“पास्ता, आई. गव्हाचाच असतो. कांदा नाही, लसूण नाही, दुधाचा थेंब नाही. दही घातलंय. फुटू नये म्हणून बेसन लावलं, आपण कढीला लावतो तसं.”

पानाकडे निघालेला आईचा हात मधेच थांबला.

“श्री... परवा एकादशी झाली गं.”

क्षणभर श्रीला उमगेना. मग एकदम लख्ख उमगले. काल द्वादशीला व्रत बदलले होते! दूध पुन्हा चालू झाले होते आणि डाळी बंद झाल्या होत्या. परीक्षेच्या धांदलीत दसरा तिने पुस्तकांत डोके घालून काढला होता. एकादशी कधी आली, कधी गेली... बेसन! ज्याला टाळायचे तेच तिने हाताने कालवले होते!

“चुकलं माझं...” ती मटकन खाली बसली. “दूध चाललं असतं आणि मी... आई, एवढंही मला जमू नये गं!” इतक्या वर्षांत न रडलेली ती एका डब्यापुढे ओक्साबोक्शी रडली.

अंबूताईने चाचपडत पान स्वतःकडे ओढले.

“अगं आई, तुला चालत नाही!”

“मला नाही. तू सकाळपासून काय खाल्लंयस?”

“... चहा.”

“ये जवळ. आ कर.”

आईने घास उचलला. श्रीने तोंड उघडले. दुसरा घास, तिसरा... गरम होते, आंबटसर होते, आणि डोळ्यांतले पाणी थांबत नव्हते.

“सात वर्षं तू त्यांना भरवलंस,” आई हळूच म्हणाली. “तुला कुणी भरवलं?”

“असू दे की आई.”

“नाही असू देणार. आज हे सांगायलाच आलेय मी. डोळ्यांचं निमित्त.” तिचा हात पानातच थांबला. “दवाखान्यातून त्यांना घरी आणलं त्या सकाळी... तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटत नव्हता. तरी दोनदा म्हणाले, श्रीला अडवू नको, शिकायला पाठव. तू दारातून विचारलंस, अप्पा काय म्हणतायत? मला सगळं कळलं होतं, श्री, अक्षर न् अक्षर कळलं होतं. पण या माणसाबरोबर एकटी राहायचं मला भ्या वाटलं गं... म्हणून मी तुला सांगितलं, पाणी मागतायत.”