पाणी जुळेपर्यंत

त्या दिवशी मुगिलनने मागितले तेच मासे अल्लीने निमूटपणे पिशवीत भरून दिले असते, तर आठवड्याभरात ते एकमेकांना खाऊन संपले असते, तो चिडून दुसऱ्या दुकानात गेला असता आणि पुढचं काहीच घडलं नसतं. आता तिला वाटतं, तसंच करायला हवं होतं.

पण तिने यादी वाचली.

यादी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिली होती. एक ऑस्कर, दोन एंजल, चार टायगर बार्ब, एक गोल्डफिश, एक फायटर.

"हे सगळे एकाच टाकीत?"

"हो. रंगीत दिसतील ना."

"दिसतील. दोन दिवस." तिने कागद परत केला. "बार्ब एंजलचे पंख कुरतडतील. फायटरची शेपटी तर त्यांना फारच आवडते. गोल्डफिशला पाणी थंड लागतं, तो आधीच बेजार होईल. आणि उरलेल्यांना ऑस्कर खाईल. पुढच्या मंगळवारी तुमच्याकडे एकच मासा असेल, पण तब्येतीने छान."

तो हसला नाही. कागदाकडे बघत म्हणाला, "म्हणजे आमच्या ऑफिससारखंच."

मग तीच हसली.

मागे खाद्याचे डबे लावणारे तिचे अप्पा, एकांबरम, न वळताच म्हणाले, "माणूस मागतोय ते दे ना, पोरी. प्राणिशास्त्र शिकवलं ते काय माझं दुकान बंद करायला?"

कोळत्तूरच्या त्या रस्त्यावर दर दुसऱ्या घरात विकायच्या माशांच्या टाक्या. गिऱ्हाईक एकदा उंबऱ्याबाहेर गेलं की परत येत नाही, हे अल्लीला ठाऊक होतं. तरी तिने विचारलं, "बघणार कोण?"

"माझे अप्पा. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात वेल्डर होते. आई गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसतात. म्हटलं, भिंतच हवी असेल तर निदान हलणारी असू दे."

"खुर्ची किती उंच आहे त्यांची?"

"...काय?"

"बसल्यावर डोळे जिथे येतात तिथे टाकीचा मध्य यायला हवा. मोजून या. आणि मासे आज नाही. आधी रिकामी टाकी भरा, पंप चालू ठेवा, रोज चिमूटभर खाद्य टाका. पाच आठवडे."

"रिकाम्या टाकीत खाणार कोण?"

"डोळ्यांना न दिसणारे. ते आधी पोसावे लागतात, मगच मासे. दर शनिवारी बाटलीतून पाणी आणा, मी तपासून देईन."

तो येणार नाही याची तिला खात्री होती. शनिवारी तो आला. एका हातात औषधाची धुतलेली बाटली, दुसऱ्या हातात खुर्चीचं माप.

मग शनिवार सुरू झाले. ती काचेच्या नळीत पाणी घ्यायची, थेंब टाकायची आणि दोघं रंग यायची वाट पाहायचे. हिरवा म्हणजे विष, पिवळा म्हणजे ठीक. रंग यायला पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटांत माणूस किती बोलू शकतो, हे अल्लीला तोवर माहीत नव्हतं.

"वाटेत एका आजींनी विचारलं, काशीचं का रे पाणी? मी हो म्हणून गेलो."

"आणि?"

"त्यांनी डोळ्यांना लावलं."

"अहो, अमोनिया आहे त्यात..."

"ते तुम्ही आत्ता सांगताय, टीचर."

चौथ्या बाटलीला त्याने सांगितलं. सहज, नळीकडे बघत. दिंडिगलला मामांची मुलगी आहे, मंगै. आईने जाण्याआधी मामांना शब्द दिलाय. तै महिन्यात, संक्रांत झाली की लगेच, लग्न व्हावं असं सगळ्यांच्या मनात आहे.

"मुलगी कशी आहे?"

"चांगली आहे. काहीच खोट नाही. तीच तर पंचाईत आहे."

नळीतलं पाणी हळूहळू पिवळं होत होतं. अल्लीने नोंदवहीत 'ठीक' लिहिलं आणि पेन जरा जास्तच दाबलं गेलं. त्या दिवसापासून तिच्या लेखी हे संपलेलं होतं. संपलेल्या गोष्टीची वाट पाहायला हरकत नसते, अशी तिने स्वतःची समजूत घातली... आणि दर शनिवारी साडेदहापासून दाराकडे बघू लागली.

मासे तिने एकेक करून निवडले. कोळत्तूरचं बोअरचं पाणी जड, म्हणून आधी त्यातच सुखी राहणाऱ्या काळ्या मॉली, एक नर आणि दोन माद्या. "नर एकाच मादीच्या मागे लागला तर तिचा जीव घेतो. दोघी असल्या की तिला श्वास मिळतो." दोन आठवड्यांनी तळाला सहा कोरी, मिशा वाळूत खुपसून दिवसभर खाली काहीतरी शोधत राहणारे. आणि शेवटी मध्यासाठी एकटाच मधरंगी गुरामी, संथ, थोडा शिष्ट. वरचे वर, तळाचे तळाला, मधला मध्ये. कोणी कोणाच्या वाटेत नाही.

गुरामी आल्यावर तिसऱ्या दिवशी मुगिलनचे अप्पा, सबापती, बोलले. गुरामीला त्यांनी फोरमन नाव ठेवलं. "नुसता फिरतोय बघ, हातात काम नाही," म्हणाले, "आणि खाली ते सहा मरमर मरतायत." त्या दिवशी त्यांनी दोन इडल्या जास्त खाल्ल्या. हे मुगिलनने दोनदा सांगितलं. अल्लीने मग उगाचच एका टाकीची काच पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

टाकी भरली. पाणी ठीक झालं. बाटली मात्र येतच राहिली.

"गेल्या आठवड्यातच पिवळं होतं," ती म्हणाली.

"पुन्हा बघा. माझा विश्वास नाही."

"माझ्यावर?"

"पाण्यावर."

ऐप्पसी या पावसाळी महिन्यातल्या एका शनिवारी रस्त्यावर घोटाभर पाणी होतं. तो पँट दुमडून आला, बाटली टेबलावर ठेवली आणि ती उघडायच्या आत म्हणाला, "मी अप्पांना सांगणार आहे, दिंडिगलचं जमणार नाही म्हणून. पण त्याआधी तुमचा शब्द हवाय. नुसत्या हिमतीवर बोलेन एवढा मी शूर नाही, अल्ली."

पहिल्यांदाच त्याने तिचं नाव घेतलं. पंपांचा आवाज एकदम फार मोठा वाटू लागला.

तिला हो म्हणायचं होतं. पण कॉलेजच्या पहिल्या वर्षी तिने एकदा असंच केलं होतं. नवी आलेली एंजलची देखणी जोडी कौतुकाने सरळ मोठ्या टाकीत सोडली होती. सहाव्या दिवशी त्यांच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके आले. एकच जाळी सगळ्या टाक्यांतून फिरली आणि पंधरवड्यात निम्मं दुकान रिकामं झालं. अप्पा फक्त मेलेले मासे बादलीत टाकत राहिले होते. तेव्हापासून तिचा नियम होता. नवीन जे काही येईल, ते एकवीस दिवस वेगळं. कितीही सुंदर असलं तरी. आत काही रोग असेल तर तेवढ्यात दिसतो.

"एकवीस दिवस द्या," ती म्हणाली.

तो हसला. मग तिचा चेहरा पाहून थांबला. "मला रोग आहे असं वाटतं?"

"मला असेल कदाचित. आणि तोवर... येऊ नका."

"बाटली पण नाही?"

"बाटली पण नाही."

तो गेल्यावर तिने मागच्या रिकाम्या टाकीच्या काचेवर मार्करने तारीख लिहिली, नव्या माशांसाठी लिहायची तशीच.

"यात काय वेगळं ठेवलंयस?" अप्पांनी विचारलं. "मला तर नुसतं पाणी दिसतंय."

"पाणीच आहे."

चौथ्या दिवशी सकाळी दुकानात कोणी नसताना अल्लीने नळाखाली एक बाटली भरली, तिच्यातलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले आणि रंगाकडे बघत उभी राहिली. पाच मिनिटं. समोर कोणीच नव्हतं. पिवळा आला, तो येणारच होता. आणि तिला कळलं. त्याच्याबद्दल शंका अशी काही उरलीच नव्हती.

फोन हाताशी होता. पण चौथ्या दिवशी ठणठणीत दिसणारे मासे सहाव्या दिवशी पांढरे झालेले तिने पाहिले होते. नियम म्हणजे नियम. तिने फोन उलटा करून ठेवला.

विसाव्या दिवशी तो आला. हात रिकामे होते. ते रिकामे हात पाहूनच तिने स्टूल ओढलं आणि खाली बसली.

"बाराव्या दिवशी अप्पा न्हाणीघरात घसरले," तो म्हणाला. "खुब्याचं हाड मोडलं. मामा त्याच संध्याकाळी दिंडिगलहून निघाले, खाटेपासून हलले नाहीत. त्यांची पाठ पुसली, भांडं दिलं, सगळं केलं. सतराव्या दिवशी तिथेच, इस्पितळात, लग्न पक्कं करायची ताटं बदलली. विड्याची पानं, नारळ, हळद. अप्पा हसले. आई गेल्यानंतर माणसांकडे बघून पहिल्यांदा हसले."

"तुम्ही काही..."

"बोलायला तोंड उघडलं होतं. तुमचा शब्द खिशात असता तर बोललो असतो. खिसा चाचपला... रिकामा होता."

हे त्याने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

"उद्या एकवीस होतात," अल्ली कशीबशी म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर आज आलो. उद्या जे ऐकावं लागलं असतं, ते आता मला सोसवणार नाही."

अल्लीने टेबलावरची नोंदवही मिटली.

थंडीचा मार्गळी महिना लागला. दारोदारच्या पहाटेच्या रांगोळ्या दुकान उघडेपर्यंत पुसट व्हायच्या. अल्ली टाक्या धुवायची, खाद्य टाकायची. गिऱ्हाइकांना आता ती अडवत नसे, कोणी काहीही मागितलं तरी भरून देई. ते पाहून एकांबरमना आनंद व्हायला हवा होता. ते एकदा म्हणाले, "परवा एका गिऱ्हाइकाला ऑस्करबरोबर एंजल दिलेस, पोरी," आणि खाद्याच्या डब्यांकडे वळले.

महिना संपता संपता मुगिलन तीन पिशव्या घेऊन आला. एकीत मॉली, एकीत सहा कोरी, एकीत एकटा फोरमन.

"घर बंद करतोय. अप्पा आता दिंडिगललाच राहतील, मीही मामांच्या कुलुपांच्या कारखान्यात लागतोय. एवढ्या लांबच्या प्रवासात हे टिकणार नाहीत. अप्पा म्हणाले, त्या पोरीकडेच परत दे. तिला निवड कळते."

अल्लीने पिशव्या घेतल्या. दुकानाची रीत अशी की परत आलेले मासे जातीप्रमाणे वाटून टाकायचे, मॉली मॉलींत, कोरी कोरींत. ती मागच्या रिकाम्या टाकीपाशी गेली. काचेवरची तारीख अजून तशीच होती. तिन्ही पिशव्या तिने त्याच पाण्यावर तरंगत सोडल्या.

"हे कशाला?" तो म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत ना, आतलं-बाहेरचं पाणी कमी-जास्त गरम असेल तरच पिशवी तरंगवायची. मी तीन गल्ल्यांवरून आलोय."

तिने तापमापक पिशवीत बुडवला, मग टाकीत. अठ्ठावीस. अठ्ठावीस.

"दोन अंशांचा फरक आहे," ती म्हणाली. "अर्धा तास लागेल."

तो तिच्या खांद्यामागे उभा होता. पारा त्यालाही दिसत होता. त्याने दुसरं स्टूल ओढलं आणि बसला.

फोरमन पिशवीत गोल फिरत होता. खाली कोरी प्लास्टिकलाच मिशा लावून वाळू शोधत होते.

"चौथ्या दिवशी," अल्ली म्हणाली.

"काय?"

"मला चौथ्याच दिवशी कळलं होतं."

त्याने बोटाने फोरमनची पिशवी हलकेच फिरवली. मग पिशवीकडेच बघत म्हणाला, "मला पहिल्या बाटलीला."

एवढ्यात एकांबरम रिकामी बादली घ्यायला मागे आले. त्यांनी दोघांकडे पाहिलं नाही. तीन पिशव्यांकडे पाहिलं. तीस वर्षांत या माणसाने शेजारच्या गल्लीतून आलेला मासा एकदाही तरंगवला नव्हता, ते सरळ टाकीत ओतायचे. त्यांनी टाकीत बोटं बुडवली, क्षणभर तशीच ठेवली.

"थंड आहे पाणी," ते म्हणाले. "तासभर राहू दे."

आणि बादली न घेताच पुढे निघून गेले.