धोंडाबाईचा स्टोव्ह

भोरच्या बाजारात चिमाजी स्टोव्हवाल्याची टपरी एवढीशी, पण तोंड म्हणाल तर राजवाड्याएवढं. "पंपाचा स्टोव्ह म्हंजे माणूस हाय बगा," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. "छातीत हवा टिकली तर जगला, न्हाईतर आटोपलं!"

ही संस्थानी अमलातली गोष्ट. आषाढ जोरात होता. एका सकाळी पासलीचा कुंडलिक टपरीसमोर येऊन उभा राहिला, घोंगडीतून पाणी निथळतंय, डोळे तांबारलेले. बायको रतन नुकतीच बाळंत झालेली आणि घरातलं सरपण भिजून चिंब. चूल नुसती धुमसायची, पाणी काही तापायचं नाही, अन् पोर गारठ्यानं निळं पडत चाललेलं. घरात पितळी स्टोव्ह होता, पण त्याची आई धोंडाबाई गेली तेव्हापासून तो तसाच पडून होता.

"मग हितं घेऊन यायचा की रं!"

"बाळंतपणाचं सुवेर हाय न्हवं. घरची चूल उंबऱ्याभाईर काढत न्हाईत. बा म्हणतो, स्टोव्ह बी चूलच." कुंडलिकानं हात जोडले. "चला वो चिमाजीबुवा. माझं पोर जातंय..."

चिमाजी बडबड्या खरा, पण काळजाचा मऊ. त्यानं हत्यारांची पिशवी खांद्याला मारली आणि दोघं चिखल तुडवत निघाले.

पासलीत पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. धुकं पार दारात येऊन बसलेलं. घरात ओल्या घोंगड्यांचा आणि धुराचा वास. रतन कोपऱ्यात पोराला छातीशी धरून बसली होती. चिमाजीनं पंपाचा दांडा ओढून काढला आणि हसला. दांड्याच्या टोकाचा चामड्याचा वायसर वाळून खारीक झालेला! "तेल पाजलं की झालं काम," म्हणत तो दांडा घेऊन पडवीत आला आणि कुंडलिकाच्या म्हाताऱ्या बापाशेजारी, गेनबाशेजारी, वायसर तेलात चोळत बसला.

तेवढ्यात आतून आवाज आला. फस्... फस्... फस्...

चिमाजीची बडबड थांबली. "पंप कोण मारतंय?"

"कोन न्हाई," गेनबा म्हणाला.

"आवो, दांडा तर माझ्या हातात..."

घासलेटचा वास आला. मग सूंऽऽ करून स्टोव्ह पेटला आणि आतल्या भिंतीवर निळा उजेड पडला. पाठोपाठ रतनचा दबका आवाज...

"आत्याबाई... हळू... पोर दचकतंय..."

चिमाजीची बोबडीच वळली! त्याचा एक पाय अंगणात गेलासुद्धा. गेनबानं त्याचं धोतर धरलं आणि खुदकन हसला. "बसा वो. तिला दम कदीच नव्हता. लगीन झाल्यापास्नं बगतोय."

पाणी सळसळा तापलं. पोराला न्हाऊ घातलं तसं ते गुलाबी झालं आणि असं काही भोकाड पसरलं, की सगळं घर हसायला लागलं. रतन हसता हसता रडली. चिमाजीनं दांडा खुंटीला अडकवला आणि चहा घेतला. निम्मा पोटात, निम्मा धोतरावर.

भोरात त्यानं ही गोष्ट मीठमसाला लावून सांगितली. "असली गिऱ्हाइकं वाढली तर म्या उपाशी मरंन की!"

नागपंचमी झाल्यावर कुंडलिक बाजारात भेटला.

"पोर कसं हाय?"

"गुटगुटीत."

"आन म्हातारी?"

"रोज पाणी तापवती. पर परवा... रतन उठायच्या आदीच पोर न्हाऊन निजलेलं. गालाला तीट बी लावलेली."

"मग? आजीचा मानच हाय तो!" चिमाजीनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

कुंडलिक हसला नाही. "आमी बी तेच म्हणलं. पर स्टोव्ह इझलेला व्हता, बुवा. आन पोराचं अंग... वड्याच्या पाण्यावानी गार."

"मग न्हाऊ घातलं कुणी?" चिमाजीनं विचारलं.

"त्या दिसापास्नं आई स्टोव्ह इझूच देत न्हाई."