न उघडलेली कुपी

लसीकरण केंद्राच्या फाटकावर लशीविरुद्धचे पत्रक लावणाऱ्या छापखानेवाल्याला परिचारिकेने प्रथम पाहिले, तेव्हा तो बोटांना लागलेली खळ रुमालाने टिपत होता.

"खळ पातळ झालीय," ती म्हणाली. "निंदाच करायची, तर निदान उद्यापर्यंत टिकेल अशी तरी करा की!"

तो गोरामोरा झाला. "निंदा तुमची नाही... लशीची आहे."

"मग आत या, आणि तिच्या तोंडावर करा."

तो आला, आणि मग दर बुधवारी, लसीकरणाच्या दिवशी, येतच राहिला. बाकावर बसून तो पत्रकातील एकेक मुद्दा मांडी आणि शीतपेटीतील बर्फ बदलता बदलता ती तो खोडून काढी. हार मानणे त्याच्या स्वभावात नव्हते. तरीही हरल्यावर तो असा काही मिस्कील हसे, की जिंकणारीचीच नजर खाली झुके. पत्रकाने मात्र आपले काम चोख बजावले होते. जेथे तान्ह्यांचा कल्लोळ चाले, तेथे आता दोघांचेच बोलणे ऐकू येई—आणि त्या एकांताची आपल्याला गोडी लागली आहे, याची तिला लाज वाटे.

एका शुक्रवारी तो धापा टाकीत आला. कडेवर थोरल्या बहिणीची दीड वर्षाची मुलगी होती.

"महिनाभर ताईच्या कानीकपाळी ओरडलो, तेव्हा कुठे तयार झाली. गोवराची लस द्या हिला. आमच्या गल्लीत साथ आलीय."

एका कुपीत दहा बालकांची लस असे. उघडली की उरलेली काही तासांत फेकावी लागे. एकाच बालकासाठीही उघडावी, असा नियम खरा. पण लस वाया गेली म्हणून डॉक्टर गेल्याच आठवड्यात तिच्यावर डाफरले होते.

"बुधवारी आणा ना... आणखी चार मुलं येतील."

"माझं पत्रक वाचून?" तो कसनुसे हसला. "बरं, बुधवारी. मलाही तेव्हा एक सांगायचंय..."

"आत्ताच सांगा!"

"छे! तुमच्या कुपीसारखंच आहे ते. एकदा उघडलं की ठेवता येत नाही."

भाचीने परिचारिकेचे बोट घट्ट धरले होते. ते सोडवताना ती हसत होती.

रविवारी मुलीच्या अंगावर पुरळ उठले. बुधवारी बाक रिकामा राहिला. त्यापुढच्या रविवारी मुलगी गेली.

पंधरवड्याने तो फाटकाशी दिसला. सुरीने पत्रके खरवडीत होता. परिचारिकेचे ऐकून पुढची पत्रके त्याने घट्ट खळीने लावली होती. ती निघता निघत नव्हती.

"शुक्रवारी टोचली असती, तर?" त्याने विचारले.

"तरी उपयोग नव्हता. रोग आधीच अंगात भिनला होता... लशीला काम करायला दोन आठवडे लागतात. खरंच सांगते."

ते खरेच होते.

"तुमचं सगळं पटलं मला," तो खाली पाहत म्हणाला. "हे एवढंच पटत नाही."

"मलाही..." ती म्हणाली. "आणि—ते सांगायचं होतं ते?"

"ते उघडून फार वेळ झाला," तो म्हणाला आणि सुरी पुसून निघून गेला.

पुढच्या बुधवारी एकच आई आली, एकाच मुलाला घेऊन. परिचारिकेने कुपी उघडली. मग उरलेल्या नऊ जणांची वाट पाहत ती संध्याकाळपर्यंत त्या बाकावर बसून राहिली.