धरलेली जागा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण माझ्या सारजाआत्यानं आयुष्यात कधी थाप मारलेली नाही.

साल १९९६. बारामती स्टँड. बाजाराचा दिवस.

परतीला कळंबची गाडी लागली की झुंबड उडायची. आत्याचा नवरा, गेणबामामा, खिडकीतून टॉवेल टाकून तिची जागा धरायचे. हिरव्या काठाचा टॉवेल. कोपरा विडीनं जळलेला.

दिवाळीनंतर मामा गेले. टॉवेलही त्यांच्याबरोबर सरणावर गेला.

आत्या रडली नाही. नुसती दगड झाली. पुढच्या बाजाराला एकटीच गेली.

गाडी खचाखच भरलेली...

एकच जागा रिकामी...

तिच्यावर टॉवेल. हिरवा काठ. जळका कोपरा.

"कुणाचा वो ह्यो?"

"तुमचाच असंल की, मावशी," कंडक्टर म्हणाला. "गाडी लागली तवाच हुता."

आत्या बसली. भ्यायलासुद्धा माणसात काहीतरी उरावं लागतं. तिच्यात तेवढंही उरलं नव्हतं.

कळंबला उतरताना वळून पाहिलं...

टॉवेल नव्हता.

मग दर बाजाराला तेच. बरं वाटायचं असंही नाही. जागा मिळायची, एवढंच.

जूनमध्ये तिची एकुलती एक लेक, प्रतीक्षा, दहावी पास झाली. आता रोज ह्याच गाडीनं बारामतीला कॉलेजला जाणार होती.

त्या बाजाराला गाडीत दोन जागा रिकाम्या होत्या.

एकीवर टॉवेल...

दुसरीवर लाल रिबीन. टोक निळ्या दोऱ्यानं शिवलेलं. आत्यानंच शिवलेलं. सकाळी लेकीच्या वेणीला बांधून आलेली.

आत्या तशीच खाली उतरली. मिळेल त्या टेम्पोनं घरी आली.

प्रतीक्षा भांडी घासत होती. एक वेणी सुटलेली.

"रिबीन कुठं पडली काय म्हाईत, आये. सकाळपास्नं हुडकतीया."

पोरीचं कॉलेज तिथंच थांबलं. "माझं काय चुकलं?" म्हणून ती किती रडली. आत्यानं तिला त्या गाडीत पाऊल ठेवू दिलं नाही.

दोन वर्षांनी एसटीचे एक साहेब गावात आले. कोणत्या रस्त्यावर गाड्या वाढवायच्या, त्याची पाहणी चालली होती. घरोघर विचारत होते.

"बाई, गाडी तुमच्या दारावरून जाते. तरी घरातलं कुणीच बसत नाही. जागा मिळत नाही का?"

"मिळती की," आत्या म्हणाली. "धरून ठिवलीया."

साहेब पुढच्या घरी गेले.

मी आजही एसटीनंच फिरतो. रिकाम्या सीटवर टॉवेल दिसला, की कुणाचा म्हणून विचारत नाही.

उभाच राहतो.