निकामी ठरलेलं औषध

मिरजेतल्या जिवाणू प्रयोगशाळेत सकाळी नऊला तंत्रज्ञ रुक्साना मुजावरने प्लेट उजेडात धरली. प्लेटवर स्टॅफ जिवाणूंचा पिवळसर थर होता. ते शाहीनच्या रक्तातून आले होते. एकतीस वर्षांची ही सतार बनवणारी, बोटात तार घुसल्याचं निमित्त होऊन दवाखान्यात अत्यवस्थ होती. थरावर औषध मुरवलेल्या सहा कागदी चकत्या होत्या. औषध लागू पडलं की चकतीभोवतीचे जिवाणू मरतात आणि रोधवर्तुळ उमटतं. पाच चकत्यांभोवती, अगदी सगळ्यात नव्या औषधाच्या चकतीभोवतीही, वर्तुळ नव्हतं. सहाव्या, फार जुन्या औषधाच्या चकतीभोवती बाटलीच्या झाकणाएवढं स्वच्छ वर्तुळ होतं.

"ही सहावी कशाला लावलीस?" प्रमुख डॉ. यशोधर केळुसकरांनी विचारलं. "या जातीवर जुनी औषधं चालत नाहीत. न तपासता 'निकामी' लिहायचं, हा नियम आहे."

"जागा रिकामी होती, सर. मला रिकामी जागा बघवत नाही. डबा ठासून भरते म्हणून सासूबाईही ओरडतात."

केळुसकर प्लेटकडे बघत राहिले. "नव्या औषधापासून वाचायला या जिवाणूंनी कवच जाड केलं, आणि त्यापायी जुन्याविरुद्धची ढाल टाकून दिली. दोन्ही एकदम पेलत नाहीत. तराजूसारखं, एक पारडं वर तर दुसरं खाली. याला तुलारोध म्हणू."

शाहीनला जुनं औषध सुरू झालं. ताप उतरला. पाचव्या दिवशी तो पुन्हा चढला. ताज्या प्लेटवर जुन्या औषधाचं वर्तुळ मिटलं होतं.

"संपलं, सर," शाहीनवर उपचार करणाऱ्या डॉ. होनमाने फोनवर म्हणाल्या. "तिच्या नवऱ्याला बोलावते."

"थांबा जरा. रुक्साना, ते नवं औषध पुन्हा लावून बघितलंस?"

"नाही. एकदा निकामी ठरलं की त्या पेशंटसाठी ते औषध पुन्हा तपासायचं नाही. तुमचाच नियम, सर."

"लाव. ढाल परत उचलली असेल, तर कवच टाकलं असणार."

दुसऱ्या सकाळी नव्या औषधाभोवती स्वच्छ वर्तुळ होतं.

"आत्ताच सुरू करा," केळुसकरांनी होनमानेंना कळवलं. "दोन्ही चकत्या रोज लावू. जिवाणूंनी बाजू बदलली की आपण औषध बदलायचं."

फोन ठेवून ते स्टुलावर बसले. त्यांची पत्नी नलिनी गेल्या वर्षी याच जिवाणूंच्या संसर्गाने गेली होती. रुक्सानाला ते माहीत होतं.

"सर," तिने हळूच विचारलं, "काकूंचं औषध निकामी ठरलं, त्यानंतर..."

"अकरा दिवस होती ती," केळुसकर म्हणाले. "प्लेटला एक दिवस लागतो."